जावक, प्रलंबित

तात्याराव ओव्हाळ पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मुख्य लिपिक होते आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही कागद हरवला नव्हता. हरवला तो पेनड्राइव्ह, आणि तोही त्यांचा नव्हे. एक प्राध्यापक अंतर्गत गुणांची यादी खिशात घालून मंडईत गेले आणि येताना कोथिंबीर तेवढी घेऊन आले. त्यावर विद्यापीठानं समिती नेमली. फायली कुठं ठेवायच्या आणि कोणाला किती दाखवायच्या, हे तिनं ठरवायचं होतं. अध्यक्ष डॉ. श्यामला पटवर्धन, तांत्रिक बाजूला संगणक विभागातली स्वराली, आणि कागदांची जाण असलेला माणूस म्हणून तात्याराव.

स्वरालीनं दोन पर्याय मांडले. एक विद्यापीठाचा स्वतःचा सर्व्हर, दुसरा बाहेरच्या कंपनीचा क्लाउड. तात्यारावांनी तिसरा मांडला, लोखंडी कपाट. पटवर्धन मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि नोंद घेतली म्हणाल्या. (पुण्यात याचा अर्थ घेतली नाही असा होतो.) शेवटी क्लाउड महिनाभर वापरून पाहायचं ठरलं. प्रत्येक सदस्यानं एक फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवायचा आणि एक फक्त स्वतःपुरता, म्हणजे कुलूप नीट लागतं का ते कळेल.

उघडं ठेवायला तात्यारावांकडे परीक्षांचं वेळापत्रक होतं. कुलपात ठेवण्याजोगी एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

त्यांची बायको चंपा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने कॅनडाला गेली होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण इतके दिवस ती बिबवेवाडीच्या घराबाहेर कधी राहिली नव्हती. व्हिडिओ कॉल रोज व्हायचा. पण त्यात लेक दीपाली असायची, जावई असायचा, बाळ असायचं आणि चंपा मागं कुठंतरी अर्धी दिसायची. तात्याराव विचारायचे, थंडी आहे का. ती म्हणायची, आहे; जेवलात का. ते म्हणायचे, जेवलो. एवढ्यात बाळ रडायचं आणि फोन तिकडे वळायचा.

म्हणून दुपारी डबा संपल्यावर ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चंपाला पत्रं लिहायला लागले. धाडायचा विचार नव्हता. (लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, तर कॅनडात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि ते तर अजून तिथं गेलेही नव्हते.) नुसतं लिहायचं. भात आज खाली लागला. तुझी निळी साडी दोरीवरून काढली नाही, वाळून महिना झाला, पण गॅलरीत कोणी आहेसं वाटतं. सकाळी सवयीनं दोन कप चहा होतो, दुसरा मीच पितो, गार झाल्यावर. अशी एक्केचाळीस पत्रं झाली. फोल्डरला त्यांनी कारकुनी नाव दिलं होतं, 'जावक, प्रलंबित'.

स्वरालीनं शिकवलेलं त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. पहिला फोल्डर उघडा, दुसरा बंद. पण कपाटातली फाईल ठेवली तिथंच राहते आणि क्लाउडमध्ये शेवटची हाताळलेली सगळ्यांच्या वर येऊन बसते, हे वहीत नव्हतं. कुलूप लावण्याआधी तात्यारावांनी शेवटचं पत्र एकदा वाचून पाहिलं, आणि पत्रांचा फोल्डर वर आला. मग वहीबरहुकूम त्यांनी तो पहिला फोल्डर विद्यापीठातल्या चारशे बारा जणांना उघडा करून दिला आणि वेळापत्रकाला असं कुलूप घातलं, की परीक्षा नियंत्रकांनाही ते दिसेना.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम शिपायानं चहा ठेवला आणि गरम आहे तोवर घ्या म्हणून तिथंच उभा राहिला. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी जिन्यात थांबवून भाताला पाणी किती लागतं ते समजावलं. ग्रंथालयातल्या मुक्ताईंनी भरल्या वांग्यांचा डबा पाठवला. तात्यारावांना वाटलं, निवृत्ती जवळ आल्यामुळं लोकांना माया सुटली आहे. पुण्यात माणुसकी आहे, आपणच इतकी वर्षं उगाच शंका घेत होतो, असंही त्यांनी मनाशी कबूल केलं. तिसऱ्या दिवशी कुलसचिवांच्या ऑफिसातून फोन आला. निरोप एवढाच होता, की ऊन फार आहे, साडी आता काढा, रंग जाईल.

तात्याराव जिने उतरून संगणक विभागात गेले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. स्वरालीला सगळं ठाऊक होतं. तिनं हसू येऊ दिलं नाही.

"किती जणांनी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"तीनशे अठ्ठ्याण्णव, सर."

"म्हणजे सगळ्यांनी नाही."

"बाकीचे रजेवर आहेत."

तिनं पत्रांना कुलूप लावलं. मग स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "आता फक्त तुम्हालाच दिसतील. की अजून एखाद्याला दाखवायचीत?"

"एकालाच देता येतं?"

"येतं की. त्यासाठीच तर आहे हे सगळं."

तात्यारावांनी वही उघडली. चंपा कॅनडाला निघताना दीपालीनं तिला ईमेल काढून दिला होता. तो त्यांनी एकेक अक्षर सांगितला आणि स्वरालीनं बटण दाबल्यावर, आपण नको ते केलं अशी त्यांची खात्री झाली.

चार दिवस काही कळलं नाही. कॉल यायचे, पण चंपा आता मागंही दिसायची नाही. आई कामात आहे, असं दीपाली सांगायची. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला साधा फोन आला. पलीकडे आवाज घुमत होता. चंपा बाथरूमचं दार लावून बोलत होती.

"अहो, वाचलं मी सगळं," ती म्हणाली. "एका दिवशी दहा, अशी पुरवून वाचली."

तात्यारावांनी विचारलं, थंडी आहे का.

"मीपण लिहिलं असतं हो. मला टाईप करता येत नाही." मग म्हणाली, "तारीख बदलून घेतली. तीन आठवडे आधी येतेय."

एकतीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तात्यारावांनी विचारलं, "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला. अडतिसाव्या पत्रात काय लिहिलंय तुम्ही? माझ्या सासूबाईंची बिडाची कढई साबण लावून तारेच्या घासणीनं लख्ख केली म्हणून?"

फोन ठेवून तात्याराव स्वयंपाकघरात गेले. तेलाचा जुना थर गेल्यानं कढई आतून लालभडक गंजली होती. ती येईपर्यंत रोज सकाळी त्यांनी कढईला तेल चोळलं, आणि त्याबद्दल मात्र कुठंही एक अक्षर लिहिलं नाही.