पाच किलो थंडी

सेरांबूला जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सोबत पाच किलो थंडी न्यावी लागते, आणि ती घरचीच लागते. बेट विषुववृत्तावरचं. बारा महिने एकच ऋतू. म्हणून पाहुण्यांनी येताना आपल्याकडचा थोडा हिवाळा आणावा, असा त्या देशाचा जुना नियम आहे. पासपोर्ट, दोन फोटो, परतीचं तिकीट आणि थंडी.

निफाडच्या सिंधू बोरस्तेला हे कळलं तेव्हा फाल्गुन सरत आला होता आणि निघायला आठ दिवस उरले होते. सहलीचं सगळं बघणाऱ्या पगार मॅडमनी फोनवर सहज विचारलं, "थंडी भरून झाली ना, ताई?"

"कसली थंडी?"

"अहो, पाच किलो. मी म्हटलं, निफाडची माणसं, तुम्हाला काय सांगायचं."

सिंधूने फोन ठेवला आणि पलंगावरच्या उघड्या बॅगेकडे बघत बसली. बॅग जवळजवळ भरली होती. नवऱ्याचे, यादवरावांचे, चार सुती सदरे, तिचे आयुष्यातले पहिले दोन पंजाबी ड्रेस, उन्हाच्या टोप्या, दशम्यांसाठी राखलेली जागा, शेंगदाण्याची चटणी, गोळ्यांची पिशवी. सव्वीस वर्षं तिने अंगणवाडीत काढली होती. तिथल्या भिंतीवर तिने स्वतः एक समुद्र रंगवला होता, गडद निळा, काठाला दोन नारळ. दर दोन वर्षांनी ती त्याच्यावर नवा हात मारायची. एकदा एका मुलीने विचारलं होतं, बाई, समुद्र खरंच असा असतो का? सिंधूने हो म्हटलं होतं. तिने समुद्र पाहिला नव्हता. खोटं बोलल्याची ती टोचणी निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती.

"नाही जमलं तर राहू दे," यादवराव म्हणाले. "पुढच्या साली पौषातच भरून ठेवू."

"पुढच्या साली तुमचे गुडघे काय म्हणतील ते कुणाला ठाऊक?"

दोघं थंडी शोधायला लागले.

घरात होती, पण विखुरलेली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीमागे थोडी सापडली, देवघरातल्या शहाबादी फरशीखाली थोडी. रजईच्या घडीत गेल्या डिसेंबरचे चार दिवस जसेच्या तसे होते. सिंधूने ते हलक्या हाताने काढून झाकणाच्या डब्यात भरले आणि डबा घोंगडीत गुंडाळला. चिवड्याची पिशवी तिने बॅगेच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, कारण थंडीशेजारी चिवडा सादळतो. दोन दिवस घर धुंडाळल्यावर डबा अर्धा भरला. शेजारच्या धोंडगेवहिनी आपल्याकडची वाटीभर द्यायला तयार होत्या, पण उसनी थंडी चालत नाही, असं पगार मॅडमनी बजावलं होतं.

डबा घेऊन दोघं तहसील कचेरीत गेले. थंडी तपासायचं टेबल आवक-जावकच्या शेजारी होतं. तिथले गांगुर्डे नावाचे कारकून मोठे शांत गृहस्थ होते. त्यांनी डब्याचं झाकण बोटभर उघडलं, आत नाक नेलं आणि डोळे मिटून घेतले.

"रजईतली आहे. चांगली आहे," ते म्हणाले. "ही खालची कोणती?"

"माठाखालची," सिंधू म्हणाली.

"ती काढावी लागेल. माठाचा गारवा उन्हाळ्यात मोडतो. फ्रीजमधली घातली नाही ना?"

"नाही."

"बरं केलंत. लोक घालतात. तिकडे लगेच ओळखतात ते." ती काढून झाल्यावर त्यांनी डबा काट्यावर ठेवला. "दोन किलो सहाशे. अजून दोन चारशे पाहिजे."

"घरात आता उरली नाही हो साहेब."

गांगुर्ड्यांनी नियमांचा कागद पुढे ओढला आणि त्यावर बोट फिरवलं. "घरातली असं कुठं म्हटलंय? 'अर्जदाराने स्वतः सोसलेली', एवढंच आहे. अंगात मुरलेलीही धरतात. आपण काय करत होता, काका?"

उत्तर सिंधूनेच दिलं. "पाणीपुरवठ्यात होते. वॉल्व्ह खोलायचे. एकतीस वर्षं, पहाटे पावणेपाचला."

"थंडीतसुद्धा?"

"पाणी थंडीतसुद्धा लागतंच ना," यादवराव म्हणाले.

"हात ठेवा काट्यावर."

यादवरावांनी हात मागे घेतले. त्यांची बोटं सांध्यांत सुजलेली होती आणि भर उन्हाळ्यातही गार असत. गावातली पोरं गमतीने त्यांच्याशी हात मिळवायला यायची. सिंधूला वाटलं, हात दुखतील म्हणून ते बिचकताहेत. पण ते गांगुर्ड्यांना हळूच म्हणाले, "ही दिली, तर परत मिळते का?"

"नाही. तिकडेच वाटून टाकतात."

"मग एकतीस वर्षांचं माझ्याकडे काय राहिलं?"

गांगुर्डे घाईत नव्हते. त्यांनी पंखा बंद केला, म्हणजे काटा हलू नये. "पेन्शन आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांनाच ते अपुरं वाटलं असावं. "मी दाखल्यावर लिहून देतो. पाणीपुरवठ्यातली थंडी. सहीशिक्का घालून. तो तुमच्याकडेच राहील."

यादवरावांनी सिंधूकडे बघितलं. तिला त्या भिंतीवरचा समुद्र दिसत होता आणि तो मागायला तिची जीभ रेटत नव्हती. त्यांनी हात काट्यावर ठेवले.

काटा बराच वेळ डुलला आणि थांबला. दोन किलो चारशे पन्नास.

"झालं," गांगुर्डे म्हणाले. "वर पन्नास आहे ती असू दे, प्रवासात थोडी उडते. ही हातातच न्या, बॅगेत घालू नका. ताई, तुमचे हात बघायची गरज नाही."

विमानात यादवराव हात मांडीवर उताणे ठेवून बसले, जसं काही कुणी प्रसाद दिलाय आणि तो सांडायचा नाही. जेवण आलं तेव्हा सिंधूने त्यांना भरवलं. पलीकडच्या बाईला वाटलं, आजारी आहेत.

सेरांबूच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशेजारीच थंडी जमा करायची खिडकी होती आणि खिडकीपलीकडे बेटावरच्या लोकांची रांग. नंबर लागला की थंडी मिळायची. डबा आधी गेला. एका तरुण जोडप्याने रजईतले चार दिवस निम्मे निम्मे वाटून घेतले. मग खिडकीतल्या बाईने पांढऱ्या केसांच्या एका आजींना पुढे बोलावलं. त्यांचं नाव लुमाया. अकरा वर्षं त्या पहाटेच्या थंडीसाठी थांबल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या वेळेची त्यांना नको होती.

यादवरावांनी त्यांचे हात हातात घेतले. फार वेळ लागला नाही. आजींचे खांदे वर गेले, दात एकमेकांवर वाजले आणि त्या हसल्या. आता काय करायचं, असं त्यांनी खुणेने विचारलं. यादवरावांनी तळवे एकमेकांवर चोळून दाखवले, मग ओंजळीत फुंकर घालून दाखवली. आजींनी तसंच केलं.

"किती दिवस टिकते, विचारतायत," खिडकीतली बाई हिंदीत म्हणाली.

"मला एकतीस वर्षं पुरली."

आजींनी मान डोलावली. तेवढी त्यांना चालणार होती. त्या ओंजळ तोंडाशी धरून उन्हात निघून गेल्या.

यादवराव बोटं उघडमीट करत उभे होते. ती आता सहज मिटत होती. बाहेर, नारळांच्या पलीकडे, कसला तरी मोठा आवाज येत होता.

"चला," सिंधू म्हणाली, "समुद्र असणार तो." त्यांना उगाच एकटं वाटायला नको म्हणून तिने त्यांचा हात धरला.

ते दोन पावलं चालले आणि थांबले.

"तुझे हात गार आहेत," ते म्हणाले.

"असतील."

"इतके? मला कधी लागले नाहीत."

"तुमचे जास्त गार होते, तुम्हाला कसे लागतील?" सिंधू म्हणाली. "आणि माझे काट्यावर ठेवलेच कुठं कुणी."

यादवराव तिथेच उभे राहिले. पहाटे पावणेपाचला ते वॉल्व्हवर पोचायचे, तर चार वाजता उठून घरात चहा कोण ठेवायचं, हा हिशेब त्यांनी आजवर केला नव्हता. ते वळून परत खिडकीपाशी गेले.

"अजून एक जमा करायची आहे," ते म्हणाले.

"एका सहलीला एकदाच," बाई म्हणाली. "पुढच्या वर्षी या. नाव आत्ता नोंदवता येईल."

त्यांनी फॉर्म घेतला आणि उभ्याउभ्याच भरायला लागले. सिंधूचं नाव, गाव, वय त्यांनी झरझर लिहिलं. थंडीचा प्रकार, या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. सिंधू शेजारी बॅगा सांभाळत उभी होती. तिने वाकून पाहिलं तेव्हा ते आपल्या सरळ झालेल्या बोटांनी सावकाश लिहीत होते: पहाटेची. चहा उकळायच्या आधीची.