बारावी पास, सबब निरक्षर

बसा साहेब, टेका जरा. खेडची गाडी चारची, म्हणजे पावणेपाचला येते. पेपर त्या पोरीकडे राहू दे थोडा वेळ, घडी घालून परत देईल ती. मघाशी तुम्ही विचारलंत ना, की ही माणसं शिकायचं सोडून सरकारच्या तांदळावर का बसतात? फुकटं खाणाऱ्यांची चीड येते म्हणालात. रास्त आहे. त्याचीच एक गोष्ट सांगतो. जांभळासारखी ताजी आहे.

तर शिक्षणानं गरिबी जाते, हे अगदी खरं आहे. आमच्या कातळवाडीत तर ती निकाल लागला की त्याच दिवशी जाते. घरातून नाही, कागदावरून. पण सरकार कागदच वाचतं, घर कुठं वाचतं? तेव्हा गेली म्हणजे गेलीच.

या वाडीत केरू म्हणून एक गडी. पंचावन्नचा. थोडी भातशेती, आंब्याच्या दिवसांत दापोलीकडच्या बागांत आंबे उतरवायला जातो, बाकी मिळेल ते काम. शिक्षण चौथी. बायको चिमा, तिच्या काळजाची एक झडप नीट मिटत नव्हती. आणि एकच मुलगी, दर्शना. केरूचं घराणं नमुनेदार गरीब होतं. पिवळं कार्ड होतं आणि ते त्यानं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. लग्नातला फोटो एकाच पिशवीत होता.

आता हे कार्ड कायम राहायचं तर दर काही वर्षांनी 'गरजू कुटुंब फेरपाहणी' नावाची परीक्षा द्यावी लागते. फार शास्त्रशुद्ध काम. त्यात घराला मार्क देतात. शाळेत मार्क जास्त पडले तर पेढे, इथं जास्त पडले तर कार्ड रद्द. पंधरा किंवा त्याच्या आत असेल तो गरजू, सोळाला माणूस सधन. कौलांना दोन, पत्र्याला एक. पंख्याला एक (फिरला पाहिजे अशी अट नाही). पाचाच्या वर कोंबड्या असल्या तर एक. म्हणून पाहणीच्या दिवशी वाडीत बेचाळीस घरांत नेमक्या पाच-पाच कोंबड्या असतात आणि वरच्या रानात फार कलकलाट असतो.

आणि शिक्षण. घरात जो सगळ्यात जास्त शिकलेला, त्याचेच मार्क धरतात. निरक्षर शून्य, चौथीला एक, दहावीला दोन, बारावीला चार, पदवीला सहा. आजारी काळजाला मार्क नाहीत, तो रकाना ठेवायचा राहून गेला.

केरूच्या घराचे मार्क तेरा. त्यातला एक त्याच्या स्वतःच्या चौथीचा. त्या एका मार्काची त्याला जन्मभर खंत. "तिसरीत सोडली असती तर?" असं तो अधूनमधून म्हणायचा.

यंदा मे महिन्यात दर्शना बारावी झाली. एक्क्याऐंशी टक्के. कातळवाडीतून बारावी झालेली पहिली मुलगी. केरूला बातमी कळली तेव्हा तो खळ्यात बसून सुंभ वळत होता. हसला. मग हसता हसता बोटं मोजायला लागला. तेरातून आपला एक गेला, बारा. त्यात पोरीचे चार. सोळा. चौथीपर्यंत गणितात तो पहिला होता, त्यामुळे चूक निघेना.

त्या कार्डावर काय काय होतं ते सांगतो. तांदूळ होता, तो सोडून द्या. चौदा जुलैला मुंबईच्या इस्पितळात चिमाच्या झडपेचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते कार्डावर. आणि दर्शनाला चिपळूणकडे नर्सिंगला जायचं होतं, तिची फी माफ होणार तीही कार्डावर. म्हणजे बघा, शिकायची फी माफ व्हायला कार्ड पाहिजे, आणि कार्ड राहायला घरात शिकलेलं कुणी नको. हे ज्यानं ठरवलं तो फार शिकलेला असणार.

तरी हे निभलं असतं. पण आमच्या वाडीचं मुंबईला मंडळ आहे. गावचं काही चांगलं झालं की ही माणसं गप्प बसत नाहीत, फ्लेक्स करतात. इथंच लावला होता, तुमच्या डोक्यावर. आठ फूट बाय दहा. वर मंडळाच्या एकोणीस पदाधिकाऱ्यांचे फोटो, त्यांतले सात गॉगलवाले. खाली कोपऱ्यात चपातीएवढी दर्शना, निळा पंजाबी ड्रेस, 'बारावी ८१ टक्के, हार्दिक अभिनंदन'.

केरू फ्लेक्सखाली उभा राहिला, वरती बघत. शेजारचा गंगाराम आला.

"काय रं केरूदा, पोर बारावी झाली नि तू तोंड असं केलंस, गाय मेल्यावाणी?"

"पाहणीवाला बुधवारी येतोय."

गंगारामानं एकवार फ्लेक्सकडे बघितलं. "मग शिडी मी आनतो," म्हणाला.

फ्लेक्स उतरला आणि केरूच्या लाकडांच्या राशीवर पालथा गेला. चिमानं आतून सांगितलं होतं, "काढा हवा तर, पन फाडू नका. आपली पोर हाय ती." केरूनं फाडला नाही. कोयतीनं कोपऱ्यातली दर्शना तेवढी गोल कापून घेतली आणि डब्यात, कार्डाच्या पिशवीत ठेवली. एकोणीस पदाधिकारी आजही लाकडं राखतात. पाणी गळतं ते दर्शनाच्या भोकातून.

बुधवारी पाहणीवाला आला. अजिंक्य नाव. एम.ए., बी.एड., नऊ वर्षं कंत्राटावर, दर फॉर्ममागे मानधन. गाडी मेव्हण्याची, हेल्मेट दुसऱ्या कुणाचं. शिकून असा झालेला माणूस वाडीनं जवळून पहिल्यांदाच बघितला, आणि वाडी सावध झाली.

"काका, घरात सगळ्यात जास्त शिकलेलं कोण?"

"मीच. चौथी. पन ती बी आता इसारलोय."

"मुलगी आहे ना?"

"हाय. जनावरांमागं असते."

"बरं, कार्ड दाखवा."

केरूनं पहिली पिशवी काढली, दुसरी काढली, तिसरी झटकली, आणि कार्डाबरोबर दर्शना खाली पडली. गोल. हसत. हनुवटीखाली '८१ टक्के' तेवढं शिल्लक. अजिंक्यनं ती उचलली.

"ही कोण?"

केरूनं फोटोकडे बघितलं. मग सरळ बाहेर, लाकडांकडे बघितलं.

"वळखत नाय," म्हणाला. "फ्लेक्सवरची कोन तरी."

आणि नेमकी तेव्हाच दर्शना चहा घेऊन पडवीत आली. तोच निळा ड्रेस. तिला एकच चांगला ड्रेस आहे. (एकापेक्षा जास्त चांगले ड्रेस असले तर मार्क आहेत की नाही, ते माहीत नाही.) सगळं ऐकलं होतं तिनं. कप खाली ठेवला. "घ्या सर, साखर बेताची हाय," म्हणाली.

अजिंक्यनं चहा बशीत ओतला. आत चिमाला दोन पावलं चालल्यावर धाप लागत होती, ती ऐकू येत होती. मग त्यानं मोबाईलवर बोट टेकवलं. 'दर्शना केरू, वय अठरा, निरक्षर.' चौथी लिहिलं तर शाळेचा दाखला जोडा म्हणत होता मोबाईल. निरक्षराला दाखला लागत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

"तेरा झाले. गरजू आहात तुम्ही, अभिनंदन," अजिंक्य म्हणाला. मग हळूच, "काका, हे कार्ड नवीन काढायचं तर काय काय लागतं हो? आमच्या घराचे वीस होतात. सहा तर माझेच आहेत. आई रोज ऐकवते."

तो गेल्यावर केरू मान खाली घालून पिशव्या परत एकात एक घालत बसला. दर्शना म्हणाली, "बाबा, खोटं बोलायचं तर माझ्याकडं बघून बोला की. मानसाला पटतं तरी." एवढंच. केरूला वाटलं पोरीनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी तो जेवला नाही. (त्यामुळं वाचलेला तांदूळ सरकारला परत करायची सोय नाही.)

चौदा जुलैला ऑपरेशन झालं. झडप बसली. चिमा आता विहिरीवरून कळशी आणते, नको म्हटलं तरी. तेव्हा कुणी मला सांगू नये की केरू चुकला.

पुढच्या आठवड्यात बाप-लेक नर्सिंगच्या प्रवेशाला गेले. खिडकीवरच्या क्लार्कनं गुणपत्रिका बघितली, खूश झाला. फी माफीसाठी कार्डाचा नंबर मशीनवर घातला आणि पडदा दोनदा वाचला.

"बाय, तुला वाचता येत नाही असं दिसतंय."

दर्शनानं खिडकीतून आत वाकून, मान वळवून, पडद्यावरचं वाचून दाखवलं. "'सदर उमेदवार निरक्षर असल्याने अर्ज अपात्र.'"

"बरोबर वाचलंस," क्लार्क म्हणाला. "पण ग्राह्य नाही."

केरू पुढं झाला. "सायेब, चूक माजी हाय. माजी पोर हाय ही. बारावी झालीय, मी वळखतो हिला." हे तो मोठ्यानं म्हणाला, सगळी रांग ऐकत होती. क्लार्कनं समजूत घातली की बापानं मुलीला ओळखणं ही आनंदाची बाब आहे, पण त्याला रकाना नाही.

मात्र सरकार कुणाला वाऱ्यावर सोडत नाही. दर्शना निरक्षर ठरल्यावर आठ दिवसांत तिचं नाव प्रौढ साक्षरता वर्गात आपोआप गेलं. त्या वर्गाला शिकवायला वाडीतलाच बारावी झालेला माणूस लागतो. मशीननं बोर्डाच्या यंदाच्या यादीत शोधलं. एकच नाव निघालं. तेव्हापासून दर्शना रोज दुपारी समाजमंदिरात दर्शनाला अ आ शिकवते. हजेरी शंभर टक्के. जिल्ह्यात पहिला नंबर आहे वर्गाचा. मार्चमध्ये परीक्षा, पास झाली तर साक्षर. पण प्रवेशाची मुदत उद्या दुपारी बाराला संपते.

कचेरीत विचारलं तर वाट निघाली. नमुना नंबर नऊ, साक्षरता पडताळणी. त्यावर एकच सही लागते. सही करणारा पदवीधर पाहिजे, घरातला नको, त्यानं मुलीला वाचताना स्वतः बघितलेलं पाहिजे, आणि त्यानं आजवर सरकारची एकही सवलत घेतलेली नसली पाहिजे.

वाडीत हिंडलो. बेचाळीस घरं, कागदावर पदवीधर शून्य. तसे मुंबईत आमचे अकरा आहेत. एक तर बँकेत मॅनेजर आहे, पण बापाच्या कार्डावर तो अजून गुरं राखतो. अजिंक्यला फोन लावला. तो म्हणाला, "काका, लाख वेळा केली असती. पण आम्ही घरी फेरविचार केला. गेल्या महिन्यापासून मी सातवी आहे."

केरूला विचारलं, अरे, पोर साक्षर ठरली तर पुढच्या पाहणीत कार्ड जाईल. तर म्हणाला, "ती नर्स झाली की मी सोता नेऊन देईन कार्ड. तिन्ही पिशव्यांसकट."

तो बघा, त्या फणसाखाली छत्रीला टेकून उभा. तुमच्याकडे यायला तीनदा निघाला नि तीनदा मागं फिरला. मग मला पुढं केलं.

तर साहेब, तुम्ही मघाशी बी.एस्सी. म्हणालात. आमच्या घरातले नाही, जमीन बघायला आलात. आणि ही जी तुमचा पेपर घेऊन चिऱ्यावर बसलीय, तिला तुम्ही अर्धा तास वाचताना बघताय. अग्रलेखापर्यंत पोचली ती. राहिली शेवटची अट, तर फुकट्यांची तुम्हाला एवढी चीड, म्हणजे तुम्ही कसली सवलत घेताय? हा घ्या नमुना, हे पेन. हात का आखडला? तुमच्या वरच्या खिशातून सकाळचं एसटीचं तिकीट डोकावतंय, आणि त्यावर 'ज्येष्ठ नागरिक, सवलत' असं छापलंय, हे दर्शनानं मघाशीच वाचलंय. ती कुणाला सांगायची नाही. तेव्हा आधी ते तिकीट खिशात नीट आत ढकला, आणि मग इथं, खालच्या ओळीवर, सही तेवढी करा.