जिन्यातल्या खुर्च्या

आमच्या केशवापूरच्या इमारतीला लिफ्ट नाही, पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर दोन लोखंडी खुर्च्या आहेत. वर्षापूर्वी त्या मारुतीअण्णांनी आणून ठेवल्या. अण्णा तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच राहतात. पहिल्या वळणावर आले की धापा टाकत बसणार, आणि मागून येणाऱ्यालाही सोडणार नाहीत. कानडी-मराठी मिसळून म्हणणार, "स्वल्प कूड्री, बसा जरा. हृदयाला पाणी पिऊ द्या." घाईतल्या कुरिअरवाल्यालासुद्धा त्यांनी बसवलंय.

अण्णांची सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवण्यात गेली. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात हा माणूस म्हणजे देवच, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे शरीरसुद्धा ते त्याच चालीवर समजावतात.

"हृदय आवळलं की सगळ्या गावाला पाणी. पण तेव्हा त्याच्या स्वतःच्या नळ्या दाबल्या जातात. सैल पडलं की मग त्याला मिळतं. गावाला वाढून शेवटी जेवणारं आहे ते."

"आणि पळायला लागलं की?"

"मग सैल पडायला वेळच कमी, आणि मागणी चौपट. रक्तातला प्राणवायू बसल्या बसल्याच बहुतेक काढून घेतलेला. आता रक्तच जास्त यायला पाहिजे. म्हणून नळ्या आपोआप रुंद होतात. झाल्या तर बरं." इथवर आले की ते विषय तोडून उठायचे.

मला त्यांची दया यायची. मग एकदा चौकात सुटलेली सिटी बस पळत जाऊन पकडताना मी त्यांना पाहिलं. वय एकोणसत्तर, हातात पिशवी, धाप नावाला नाही. संध्याकाळी जिन्यात पुन्हा फुसफुसत बसलेले दिसले, तेव्हा मी चिडूनच विचारलं, "अण्णा, हे सोंग कशाला?"

त्यांनी आधी खाली डोकावून पाहिलं. त्यांच्या पत्नी, कमलाक्का, भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चढत होत्या.

"चढताना हिच्या छातीत भरून येतं," अण्णा हळूच म्हणाले. "दवाखान्यात चल म्हटलं तर येत नाही, बस म्हटलं तर बसत नाही. मला धाप लागली की मात्र बसते."

मला माझीच लाज वाटली. मग अक्कांच्या मागे मीही लागले आणि महिन्याभरानं त्या एकदाच्या दवाखान्यात आल्या. आत अक्का हृदयाच्या तपासणीसाठी सरकत्या पट्ट्यावर भराभर चालत होत्या, बाहेर बाकावर अण्णा. आज व्हॉल्व्हच्या गोष्टी नाहीत, नळाच्या नाहीत. मी दिलेली पाण्याची बाटली नुसती धरून बसलेले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "एनू तोंदरे इल्ल. काही त्रास नाही, अण्णा. वेग वाढवला तरी हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण नाही. पित्त असावं, गोळ्या देते."

अण्णांनी अख्खी बाटली एका दमात संपवली. माझ्याही जिवात जीव आला.

घरी आलो तर पहिल्या वळणावर अक्का न थांबता वर निघाल्या. अण्णांनी सवयीनं खुर्ची धरली, पण या खेपेला त्यांना खरोखरच धाप लागली होती. अक्कांनी मागे वळून पाहिलं, खाली आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"अहो, वर्षभर तुमच्या खोट्या धापेला बसत आले," त्या म्हणाल्या. "आज खरी लागलीय, तर उठून जाऊ होय?"