सावलीला उभी केलेली गाडी

"यंदाच्या उन्हाळ्यात माझी बॅटरी चाळिशीच्या वर गेली, तर नावाचा रूपेश नाही!"

असं रूपेशने गुढीपाडव्यालाच सगळ्या शिरवण्यात जाहीर करून टाकलं होतं. बॅटरी अर्थातच गाडीची. त्याची स्वतःची बॅटरी महाप्याच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत पार उतरलेली असे, पण तिची काळजी करायला कोणाला वेळ होता?

इलेक्ट्रिक गाडी दारात आली आणि घरातली माणसं मागच्या बाकावर गेली. फोनमधल्या अॅपवर बॅटरीचं तापमान दिसायचं. रूपेश सकाळी उठला की देवाआधी त्या आकड्याचं दर्शन घ्यायचा. गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज नवा उपदेश यायचा. उन्हात उभी करू नका, तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावू नका, काठोकाठ भरू नका. हे सगळं रूपेशला तोंडपाठ. एकदा तर भर दुपारी त्याने बॉनेटवर ओलं गोणपाट टाकलं.

"आपल्या छोटीला ताप आला तेव्हा घरात थर्मामीटर सापडत नव्हता," त्याची बायको उन्नती म्हणाली. "आणि इथे गाडीला कपाळावर पट्ट्या!"

"छोटीला वॉरंटी नाहीये, उन्नती," रूपेश म्हणाला आणि पुढचे दोन दिवस त्याला डबा मिळाला नाही.

आता एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं होतं. पण मे महिन्यात सुचिताचा साखरपुडा ठरला.

सुचिता ही रूपेशच्या काकांची, गोटीरामची मुलगी. भिंतीला भिंत लागून घर. रूपेशला सख्खी बहीण नव्हती, तेव्हा राखी हिचीच आणि भांडणंही हिच्याशीच. पोरगी भारी चोखंदळ. बघायला मुलगा आला की डोकं दुखतंय म्हणून आत झोपायची. पण रोडपालीचा शिवतेज आला, आणि ही स्वतःहून चहाचा ट्रे घेऊन बाहेर! काका-काकूंनी तेव्हाच मनातल्या मनात अक्षता टाकल्या.

अडचण एकच. शिवतेजचे वडील हिराजीशेठ. माणूस सोन्यासारखा, पण तत्त्वाचा. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं होतं, "आमाला पोरगी पायजे, बाकी काय नको. याच्या आधी एका घरी आमाला नव्या गारीची चावी दाखवली. आमी चहा तसाच ठेवून उठलो. तुमीपन ध्यानात ठेवा!" गोटीरामकाकांनी ते इतकं ध्यानात ठेवलं की पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची की नाही, यावरसुद्धा घरात तीनदा चर्चा झाली.

साखरपुड्याच्या सकाळी काकांनी रूपेशला कळंबोलीला पाठवलं, सुचिताच्या मावशीला आणायला. जाताना ठीक होतं. येताना रस्ता असा तापला होता की टाकलेला पापड भाजून निघाला असता. मावशीला उतरवून रूपेशने अॅप उघडलं. बेचाळीस! गुढीपाडव्याची प्रतिज्ञा मोडली.

चार्जिंग तर करायला हवं होतं. पण कुठे? त्याची गाडी ठेवायची जागा म्हणजे पत्र्याची शेड, मे महिन्यात नुसता तवा. रूपेशने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला समोर स्वर्ग दिसला. काकांच्या दारात गल्लीभर मांडव घातलेला. वर जाड कापड, खाली पाणी मारलेलं, आणि स्टेजच्या बाजूला भाड्याने आणलेला कपाटाएवढा कूलर. खुर्च्या अजून मांडायच्या होत्या. त्याने गाडी हळूच आत घेतली, स्टेजला लागून उभी केली, कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं, आणि काकांच्या खिडकीतून चार्जिंगची वायर आणून तयार ठेवली. लावली मात्र नाही. आधी गाडी निवायला हवी ना!

"जरा वेळच," तो स्वतःला म्हणाला आणि आंघोळीला गेला.

तेवढ्यात डेकोरेशनवाला आकाश फुलांच्या टोपल्या घेऊन आला. बघतो तर स्टेजशेजारी पांढरीशुभ्र नवी गाडी, आणि तिला खास कूलर! आकाशने आजवर शंभर मांडव सजवले होते. मांडवात गाडी का ठेवतात हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तरी खात्री करावी म्हणून तो मागच्या दारी गेला. तिथे सुचिताची आई, शेवंताकाकू, वड्यांच्या कढईशी झुंजत होत्या.

"काकू, गाडीला पन फुलं लावायची ना?"

काकूंना वाटलं, नवरदेव येईल त्या गाडीबद्दल विचारतोय. "इचारतोस काय? पाव्हन्यांच्या गारीला फुलं नको? भरपूर लाव! कंजूषपना नको करू!"

आकाशने कंजूषपणा केला नाही. बॉनेटवर गुलाबांची चादर, आरशांना झेंडूचे गोंडे, आणि पुढच्या काचेखाली थर्माकोलची अक्षरं : सुचिता, मध्ये लाल बदाम, शिवतेज. ते पाहून गल्लीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. गाडीला कुंकू लागलं, चाकाखाली लिंबू गेलं. मग माणसांनी चारी बाजूंनी खुर्च्या मांडल्या. आता ती गाडी बाहेर काढायची तर अर्धा मांडव उचलावा लागला असता.

रूपेश नवा झब्बा घालून बाहेर आला आणि पाहतच राहिला. खरं सांगायचं तर त्याला पहिल्यांदा आनंदच झाला. गाडी सुंदर दिसत होती हो! त्यात अॅप सांगत होतं, सदतीस. फुलांनीसुद्धा थोडी सावली होत असणार. त्याने समाधानाने वायर लावली.

उन्नती मात्र धावत आली. "अहो, हे काय? हिराजीकाका बघतील तर काय समजतील? आधी ती गाडी काढा इथून!"

"आता? आत्ताशी उतरायला लागलाय आकडा. आता उन्हात काढली तर परत चढेल!"

"आकडा चढेल? पाव्हण्यांचा पारा चढेल त्याचं काय?"

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बँजो वाजला. पाहुणे आले.

पुढे हिराजीशेठ, मागे शिवतेज, आणि दोन नातींच्या आधाराने त्यांची आई, बायजाबाई. म्हातारी पदराने घाम पुसत पहिल्या रांगेत टेकली. तिच्या वाट्याला वारा कुठला येणार? तिने शेजारचा पेढ्यांचा खोका उचलला, झाकण काढलं आणि त्यानेच वारा घ्यायला लागली. हिराजीशेठ आधी झाकणाकडे बघत राहिले, मग त्यांची नजर कूलरकडे गेली. आणि तिथून गाडीकडे.

अजूनही निभावलं असतं. पण फोटोग्राफर उत्साही निघाला. "नवरदेव, असे गाडीजवळ या. हात ठेवा बॉनेटवर. स्माइल! वडील पन या ना, गाडीबरोबर एक फॅमिली फोटो!"

हिराजीशेठ उठले. बँजोवाल्याचा सूर आपोआप विझला.

"गोटीराम, आपला काय ठरला व्हता?"

काका पुढे आले. "काय नको नी काय नको, असा..."

"मंग ही गारी कोनाची?"

"रूपेशची. माज्या पुतन्याची."

"पुतन्याच्या गारीवर माज्या पोराचा नाव? आनि वर गारीला कूलर, माज्या आयेला पुट्ठा! चला रं, उठा सगली!"

मांडवात खुर्च्या सरकल्या. दाराआड हिरवी साडी नेसून उभ्या असलेल्या सुचिताने हातातली अंगठीची डबी बंद केली. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "दादूस, काय केलंस रे तू?"

ते ऐकलं आणि रूपेश भानावर आला. आकडाबिकडा सगळा डोक्यातून उडाला. तो खुर्च्या तुडवत पुढे गेला आणि त्याने हिराजीशेठसमोर हात जोडले.

"काका, माझी चूक आहे. गाडी माझीच आहे. मी ती फक्त सावलीला उभी केली होती!"

"सावलीला? मांडवात?"

"बॅटरी तापली होती हो. बेचाळीस झाली होती. गरम असताना चार्जिंग नको म्हणून कूलर..."

"म्हंजे गारीला गरम व्हत व्हता."

"हो काका."

"आनि ही फुला?"

"ती कोणी लावली, देवाशपथ मला माहीत नाही!"

हिराजीशेठ हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "पोरा, खोटा बोलायचा तर जरा नीट बोलावा. एवढा येडा मानूस जगात असतो काय?"

उन्नतीला उत्तर माहीत होतं, पण नवऱ्याची इज्जत म्हणून तिने ओठ मिटून घेतले.

आणि त्याच क्षणी गाडीच्या पोटातून आवाज आला. घर्रर्र! गुलाबाच्या पाकळ्या थरथरल्या. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळून मागे पळाल्या. फोटोग्राफर स्टेजवर चढला. आणि रूपेश? हिराजीशेठना, काकांना, सगळ्या मांडवाला विसरून तो गाडीकडे धावला. गुलाब बाजूला सारून त्याने बॉनेटवर हात ठेवला, पाण्याच्या पिंपातला गडवा घेतला, खांद्यावरचा नवाकोरा शेला त्यात बुडवला आणि बॉनेटवर पसरला.

"झालं, झालं," तो पुटपुटत होता. "आत्ता बरं वाटेल हां..."

हिराजीशेठ त्याच्याकडे टक लावून पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "ह्यो रोजच असा करतो?"

आता मात्र उन्नतीला राहवेना. "काका, मागच्या महिन्यात गोणपाट होतं. शेला आज पहिल्यांदाच."

हिराजीशेठ खाली बसले. त्यांचे खांदे हलायला लागले आणि बघता बघता सगळा मांडव त्यांच्याबरोबर हसायला लागला. "बसा रं, बसा सगली! जो मानूस गारीच्या कपालावर हात ठेवतो, तो ती दुसऱ्याला देईल काय? पोरगा खरा बोलतोय! काढा ती अंगठी!"

सुचिताने दाराआडून डोळे पुसले आणि ती बाहेर आली.

अंगठ्या घालून झाल्यावर शिवतेज हळूच रूपेशजवळ आला. भला पोरगा. "दादा, तो आवाज पंख्याचा होता. चार्जिंग करताना बॅटरी तापली की गाडी स्वतःच थंड करून घेते तिला."

"स्वतःच? म्हणजे मी काही नाही केलं तरी..."

"तरी चालतं. आणि बॅटरी खाली असते ना, सीटच्या खाली?"

"ते माहितीये मला," रूपेश ओला शेला पिळत म्हणाला. "पण कपाळ पुढेच असतं ना!"

कूलर माणसांकडे वळला. पण बायजाबाईंचं लक्ष गाडीवरून हटेना. "पोरा, ही सोताला थंड करते, तर मानसाला करते का नाय?" रूपेशने दार उघडून एसी लावून दिला. म्हातारी आत बसली. तिने आपल्या दोन विहिणींनाही आत बोलावलं, काचा बंद करून घेतल्या, आणि जेवणाचं ताटही तिथेच मागवलं. निघायची वेळ झाली, तरी बायजाबाई उतरायचं नाव घेईनात.

"मी हिच्यातूनच घरला जाईन," त्या म्हणाल्या. आईपुढे हिराजीशेठचंही काही चाललं नाही. ते गुपचूप पुढच्या सीटवर बसले.

अशा रीतीने रूपेशची गाडी फुलांसकट, लाल बदामासकट, नवऱ्याकडच्या माणसांना घेऊन शिरवण्याच्या गल्लीतून बाहेर पडली. दोन्ही बाजूंनी लोक हात हलवत होते. अॅपवर पस्तीस होते. रूपेशला वाटलं, चला, शेवट तरी गोड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उरणहून त्याच्या सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, सगळीकडे तुमचंच नाव आहे! चुलतबहिणीला स्वतःची गाडी दिलीत म्हणे. मोठं मन लागतं हो!"

"अहो, नाही, ती मी फक्त सावलीला..."

"लाजता कशाला? बरंच केलंत. उन्नती मागे सांगत होती, त्या गाडीला मेलीला सारखा ताप असायचा."