खोकल्याची खबर

येळ्ळूरला आमच्या गल्लीत म्हैस खोकली, की मालकाच्या आधी गुंडूआप्पांना कळतं. हातातला घास ताटात टाकून ते गोठ्यात हजर. "कवापासनं खोकतिया रं ही?" मालक म्हणतो, वैरणीची धूळ गेली असेल. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "आसंल. पर क्षयबी आसंल, कळवायला पायजे."

आणि कळवतातच. लगेच गुरांच्या दवाखान्यात फोन. आता आप्पा म्हणजे सीमालढ्यातला जुना मोहरा. हयात 'आमाला महाराष्ट्रात घाला' म्हणण्यात गेली. बेळगावच्या कचेरीत कुणी कानडीतून विचारलं, तर यांना ऐकूच येत नाही. पण फोनवर डॉक्टरीणबाई आल्या, की आवाजात लोणी. "नमस्कार्री! एम्मी केम्माकत्तैत्री!" म्हणजे, म्हैस खोकते आहे. बाकी सगळा जन्म मराठीत, गुरांचा क्षयरोग तेवढा कानडीत.

शेवटी कंटाळून बाई गल्लीतली सगळीच जनावरं तपासायला आल्या. मानेवर सुई टोचायची आणि तिसऱ्या दिवशी येऊन सूज बघायची; सुजली तर क्षयाची शंका. लोक मागं सरले. डेअरीनं दूध घ्यायचं बंद केलं तर? आप्पांनी छाती काढून आपली म्हैस तुळसा पुढं आणली. "पयली माजी टोचा. जल्मात खोकली न्हाय."

तिसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीच्या माना सपाट. सुजली ती तुळसाचीच. लोकांना हसू आवरेना, मीही तोंड फिरवून घेतलं. बाई म्हणाल्या, पुन्हा तपासू, पण तोवर हिला लांब बांधा, दूध कुणाला घालू नका आणि तुम्हीही तपासून घ्या.

दुसऱ्याच दिवशी गुरांचा एक दलाल आला. "कशाला गाजावाजा, आप्पा? निपाणी वलांडली की म्हाराष्ट्र, तितं कोण इचारतंय? गुमान इकून टाकतो." आप्पांना जन्मभर जे साधलं नाही, ते तुळसाला एका टेम्पोत साधणार होतं. मला वाटलं, आता भुलणार.

"आमी जाऊ तवा गाव घिऊन जाऊ," आप्पा कडाडले, "रोग घिऊन न्हाय!" आणि दलालाचीही खबर दिली. अर्थात कानडीत.

तुळसा आता शिवारात चिंचेखाली एकटी असते. तिला वैरण टाकून आप्पा तोंडाला पंचा बांधून लांब बांधावर बसतात. परवा तिकडून जाताना त्यांना सारखं खोकताना ऐकलं आणि तसाच बांधाकडं वळलो.

"आप्पा, तपासून घेतलासा न्हवं?"

"घेतलं की. कायबी न्हाय."

"मग खोकताय कशाला?"

आप्पांनी चिंचेकडं पाहिलं. "आमची कारभारीन, तुजी आक्का, हुती तवा मी दारात खाकरायचो, आत चाचं आधण चढायचं. ती गेली. मग गोठ्यात खाकरायचो, तर ही कान टवकारायची." ते पुन्हा खाकरले. चिंचेखाली तुळसानं मान वळवली.

"एकटीनं ऱ्हायाची सवय न्हाय रं तिला. मी हाय हितं, एवढं तरी कळवायला पायजे."