आजोबांच्या दुकानाच्या तीन पायऱ्या

घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, आजोबांचा जुना फोटो पुन्हा न्याहाळला आणि जाहीर केलं, "दुकान आपलंच. कुणीतरी गिळलंय."

"दुकान म्हणजे काय लिमलेटची गोळी आहे?" कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

फोटोत आजोबा कोट घालून ऐटीत उभे होते. मागे टोलेजंग दुकान, दोन गोल खांब, तीन पायऱ्या. छपरापासून ढगापर्यंत एक पांढरी रेघ गेली होती. ती वीज असावी, असं घड्याळवाल्याचं मत. पण खरा प्रश्न इभ्रतीचा होता. मेव्हणा दर भेटीत "आमच्या आजोबांचं दुकान" म्हणत मिशांना पीळ द्यायचा. गेल्या खेपेला घड्याळवाल्यानेही तोंड उघडलं, "आमच्याही आजोबांचं होतं. रविवारी या, जागा दाखवतो." बोलून बसला आणि तेव्हापासून बिचाऱ्याची जेवणावरची वासना उडाली.

पहिला संशय गेला समोरच्या सलूनवर. तिथे पायऱ्या तीनच होत्या. खांब एकच होता, पण दुसरा पाडला असणार. चोर काय पुरावा जपून ठेवतो? शिवाय सलूनवाला हल्ली फारच गोड बोलायचा.

दुपारी सामसूम बघून घड्याळवाला टेप घेऊन पायऱ्यांवर ओणवा झाला.

"काही हरवलं का, शेजारी?" दारातून सलूनवाल्याने विचारलं.

"एक स्क्रू पडला होता."

स्क्रू शोधायला टेप कशाला, हे सलूनवाल्याने विचारलं नाही. नुसती मान हलवली. त्याची खालची पायरी पहिल्यापासूनच रस्त्यात आलेली. हा मेला मोजमाप घेऊन आपली तक्रार करणार, असं त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी बोलावून त्याने तिन्ही पायऱ्या फोडून टाकल्या.

"बघ, चोराच्या मनात चांदणं," घड्याळवाला बायकोला म्हणाला आणि फोटो घेऊन तडक समोर गेला. काय तमाशा करतात म्हणून तीही मागोमाग गेली.

"पायऱ्या का फोडल्यास?"

"तू का मोजल्यास?"

"माझ्या आजोबांच्या होत्या."

"तुझे आजोबा काय पायऱ्या घेऊन जन्माला आले होते?"

भांडण ऐकून अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक बाहेर आलं. सवयीने त्याने पायरीवर पाय टाकला आणि पायरीच नसल्यामुळे ते साबणासकट घड्याळवाल्याच्या अंगावर कोसळलं. फोटो बायकोच्या पायाशी पडला. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि उन्हात धरला.

"अहो, माणसाची सावली कुठे पडते?"

"जमिनीवर," खालूनच घड्याळवाला म्हणाला.

"मग आजोबांची आकाशावर कशी पडली? फोटो स्टुडिओतला रंगवलेला पडदा आहे हा. आणि तुमची वीज म्हणजे पडद्याची घडी."

सलूनवाल्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं, मग घड्याळवाल्याकडे. घड्याळवाल्याला फार वाईट वाटलं. दुकान गेल्याचं नव्हे, आता मेव्हण्यासमोर बसावं लागेल याचं.

"पायऱ्या बांधून देतो," तो पुटपुटला.

"आणि दादाला काय दाखवणार?" बायको म्हणाली. "ढग?"

रविवारी मेव्हणा आला तो काखेत पुडकं मारूनच. बायको गालातल्या गालात हसत दाराशी उभी राहिली.

"दाजी, तुमचं मागाहून बघू. आधी आमच्या आजोबांचं दुकान बघा," म्हणत त्याने पुडकं सोडलं.

कमरेवर हात ठेवलेले रुबाबदार गृहस्थ. मागे दोन गोल खांब, तीन पायऱ्या. छपरापासून ढगापर्यंत पांढरी रेघ.

बायकोचं हसू मावळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. अशा काकुळतीने ती त्याच्याकडे कधी पाहत नसे. घड्याळवाल्याने सावकाश भिंग लावलं आणि बराच वेळ फोटो बघितला.

"झकास दुकान. कुठे होतं म्हणालात?"

मेव्हण्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "तेच तर कळत नाही, दाजी. मला संशय आहे, कुणीतरी गिळलंय."

बायकोने टेबलावर पडलेला नवऱ्याच्या आजोबांचा फोटो हळूच उचलून पदराआड घेतला आणि न मागता नवऱ्यासमोर दुसरा कप चहा आणून ठेवला.