शिंकमुक्त ग्रामसभा

अंगणवाडीभोवती गाजरगवत कमरेइतकं वाढलं होतं आणि आतली लेकरं बडबडगीताच्या प्रत्येक ओळीला शिंकत होती. सेविका धम्मशीलाताईंनी गवत उपटण्याचा विषय ग्रामसभेपुढे ठेवला. सभा तहकूब झाली. गवत ऐन फुलोऱ्यात असल्याने गावकरीही शिंकत होते आणि गणपूर्ती होऊनही विषय कुणाला ऐकू गेला नाही.

पुढच्या सभेसाठी सरपंच किसनरावांनी तोडगा काढला. चहासोबत प्रत्येकाला अ‍ॅलर्जीची एक गोळी देण्यात आली. गोळ्यांची नोंद 'अल्पोपाहार' अशी झाली.

थोड्या वेळात शिंका थांबल्या. आणखी थोड्या वेळात ग्रामसेवक चंद्रशेखर यांनी विषय वाचला: "गवत उपटण्याचे काम पुढील वर्षी घ्यावे काय?"

समोरच्या सगळ्या माना एकेक करून छातीवर आल्या.

"होकार," किसनराव म्हणाले. "लिहा, एकमतानं."

"साहेब, रुखमाबाई घोरून राह्यल्या."

"अनुमोदन लिहा."

किसनरावांना लोकशाहीची अशी गोडी लागली की दर आठवड्याला सभा भरू लागली. गाजरगवताला 'हरित पट्टा' हा दर्जा मिळाला. ते उपटणाऱ्यास दंड ठरला. मग लक्षात आलं की अंगणवाडी हरित पट्ट्याच्या मधोमध येते, म्हणजे अतिक्रमण तिचंच आहे. ती रिकाम्या कोंडवाड्यात हलवण्याचा ठराव तयार झाला.

त्या सभेत एकटी मयुरी जागी होती. ती नुकतीच बी.फार्म. झाली होती आणि तिला पाकिटामागचं वाचायची खोड होती.

"किसनकाका, हे जुन्या पद्धतीची गोळी आहे. इच्यानं झोप येते. कोणाले काचबिंदू आहे, कोणाले लघवी अडते, कोण घरूनच सर्दीचं औषध पिऊन आलं, हे न विचारता काऊन वाटून राह्यले? आन् इथून उठून लोकं गाडी चालवतात!"

"झोप लागली म्हणजे गोळी लागू पडली वो पोरी."

"गोळी शिंकेसाठी होती!"

"मंग? शिंकून राह्यलं का कोणी?"

मयुरीने हताश होऊन मान हलवली. चंद्रशेखर यांनी इतिवृत्तात लिहिलं: 'एका महिलेची मान आडवी हलते. अ‍ॅलर्जीचा वेगळा प्रकार दिसतो. दोन गोळ्या द्याव्यात.'

त्याच संध्याकाळी सभेहून परतताना ज्ञानेश्वर ट्रॅक्टरवर पेंगला आणि ट्रॅक्टरसकट एका गोठ्यात शिरला. म्हशींनी समजूतदारपणे जागा करून दिली. गोठा किसनरावांचा निघाला, म्हणून गोळ्या तातडीने बंद झाल्या आणि मयुरीमुळे एकमत न झालेला कोंडवाड्याचा ठराव पुढच्या सभेवर गेला.

मयुरी घरोघर फिरली. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सर्दीच्या औषधातही हीच गोळी असू शकते, दोन्ही एकदम नको. घेतल्यावर गाडी नको, दारू तर नकोच. नव्या गोळ्यांनी झोप कमी येते, पण काहींना येतेच.

"दारूचं पह्यले सांगाचं ना वो!" ज्ञानेश्वर कळवळला. बाकी गावाने सगळं ऐकलं.

सभेला माणसं नाकाला रुमाल बांधून, टक्क जागी आली. धम्मशीलाताईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"कोंडवाड्याचा ठराव. बोला, कोणाचा आक्षेप?" किसनरावांनी विचारलं.

एकाचं नाव घरकुलाच्या यादीत लागायचं होतं. दुसऱ्याला पोराचा रहिवासी दाखला हवा होता. रुखमाबाई पंख्याकडे बघत बसल्या. ज्ञानेश्वरच्या ट्रॅक्टरचं प्रकरण अजून मिटायचं होतं.

मयुरी आणि धम्मशीलाताई उभ्या राहून विरोध करत राहिल्या. बाकी सगळे हात ठरावाच्या बाजूने वर गेले.

दुसऱ्या दिवशी लेकरांचा वजनकाटा कोंडवाड्यात टांगताना धम्मशीलाताई म्हणाल्या, "मयुरी, काल त कोणीच झोपलं नव्हतं ना वो?"

"नाही ताई."

"मंग कायचा अंमल होता तो?"

ते औषध मयुरीच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर तिला कळवा, वाचकहो. तुमच्याकडच्या मागच्या सभेत तुम्हीही हात वर केला होता. तेव्हा कोणती गोळी घेतली होती?